माझा आवाज नाही मिळायचा

मेकअपवाल्यानं माझा हात ओढला, मनगटावर रंग लावून जुळवून पाहिला आणि हिरॉइनला म्हणाला, "मॅडम, हा शेड." मग तिच्या गोऱ्या गालावर माझा काळेपणा चढू लागला. मी हात तसाच पुढे धरून उभी.

निमोण्याला शूटिंग होतं. जुन्या गाजलेल्या नाटकाचा सिनेमा. जमीनदार आणि धनगराची पोर. तिचंही मन त्याच्यावर असतं, पण शेवटी घोंगडीवर बसून ती सांगते, "जीव हाय तुमच्यावर, मालक. पन वाड्यावर यायची न्हाई." शिरूरला कॉलेजात ती पोर मीच केली होती. आम्ही धनगरच. दिग्दर्शकानं प्रयोग पाहिला, म्हणाला, "सिनेमात तूच." हुरळली मेंढी, लागली लांडग्याच्या मागे. गावभर सांगून बसले.

सेटवर कळलं, मी फक्त हिरॉइनला बोली शिकवायची. दिग्दर्शकाला विचारलं तर तो हसला. "अगं, ती तुझ्यासारखी दिसायला हवी. पण लोकांना बघवायलाही हवी ना." ओशाळले मीच. कशाला, ते आजही कळत नाही.

महिनाभर शिकवलं. चालणं, पदर खोचणं, सगळं. पोरगी वाईट नव्हती, पण जीभ वळेना. मग ठरलं, आवाज माझा घ्यायचा.

रेकॉर्डिंगसाठी मांडवगणच्या एका बागायतदाराचा बंगला होता. सगळे त्यांना आप्पा म्हणत. आवाज घुमू नये म्हणून खोलीत घोंगडी अंथरली, मला तिच्यावर बसवलं, पुढे माइक. कागद हातात आला. शेवट बदललेला. पोर पाया पडून म्हणते, "मालक, मी तुमचीच हाय."

"हे नाटकात न्हाई," मी म्हणाले.

"लोकांना प्रेम हवंय," दिग्दर्शक म्हणाला.

आमच्यात घोंगडीवर बसून कुणी खोटं बोलत नाही. सोयरीक तिच्यावर ठरते, भांडण तिच्यावर मिटतं. फरशीवर सरकून म्हणावं, असंही मनात आलं. पण फरशीवर बसले म्हणून ते खरं झालं नसतं.

"म्हन की पोरी," दारातून आप्पा म्हणाले. "मोठ्या लोकांत बसायला मिळतंय. आजून काय पायजे?"

"रंग घेतला, चाल घेतली. आता हे बी माझ्याच तोंडून पायजे व्हय, आप्पा? न्हाई म्हनायची."

उठले आणि चालत घरी आले.

सिनेमा दौंडला लागला तेव्हा तिकीट काढून पाहिला. आवाज भलत्याच कुणाचा तरी. शेवटाला टाळ्या पडल्या. माझ्या शेजारची बाई तर रडली. राग आला, अजून आहे, आणि तो मी गिळणार नाही.

नाटकाचं पुस्तक माझ्यापाशी आहे. चार पोरी, तीन पोरं जमवलीत. पहिला प्रयोग मांडवगणलाच, चावडीपुढे. धनगराची पोर मी करणार, शेवट लिहिलाय तसाच करणार. आप्पांना पहिल्या रांगेत खुर्ची ठेवलीय.