मीटरचं तुटलेलं सील

मागच्या मे महिन्यात आमच्या सेलूच्या घरात कूलर लावला की दिवे मंद व्हायचे, म्हणून ओळखीच्या वायरमनला बोलावलं. त्यानं ओट्यावरच्या मीटरखालची जळालेली वायर बदलली, चहा घेतला आणि गेला. दिवे लख्ख लागले. मी खूश.

संध्याकाळी ओटा झाडताना प्लास्टिकची एक चपटी गोळी सापडली. तिच्यात बारीक तारेचा तुटका फास अडकलेला. मी ती दादांना दाखवली. वडलांना आम्ही दादा म्हणतो. रेल्वेच्या मालधक्क्यावरून ते कधीचेच निवृत्त झालेत. त्यांनी गोळी हातात घेतली, मीटरकडे पाहिलं आणि तिथंच पायरीवर बसले.

"हे मीटरचं सील हाय, माय. तुटलंय."

दुसऱ्या कुणी ते फेकून दिलं असतं. दादांना ते शक्य नव्हतं. मी तिसरीत असताना त्यांच्या पाळीत एका मालडब्याचं सील तुटलेलं निघालं होतं. आतलं एक पोतंही कमी नव्हतं, तरी चौकशी संपेपर्यंत कित्येक महिने ते घरी बसून होते. नळावर बायका आईला विचारायच्या, "काय घेतलं म्हणं त्येनं?" पुढं ते निर्दोष सुटले, पण ते विचारायला कुणी आलं नाही.

मी वायरमनला फोन लावला.

"काही होत न्हाई ताई," तो म्हणाला. "झाकण काढल्याबिगर वायर बदलताच येत न्हाई. उद्या येऊन चिटकवून देतो, कुणाला कळायचं बी न्हाई."

खरं सांगते, मला ते पटलं. चार दिवसांनी रीडिंगवाला मीटरचा फोटो काढायला येणार होता. शाळेत शिकवणाऱ्या बाईचं घर वीजचोरीत सापडलं, हे गावभर व्हायला किती वेळ लागतो? मी दादांना म्हटलं, चिकटवून घेऊ.

"आता आपण चोर न्हाई," दादा म्हणाले. "चिटकवलं म्हंजी झालो. त्याला येऊ नको म्हण आन् अर्ज लिही."

मी अर्ज लिहिला. त्यात वायरमनचं नाव घातलं, तर त्यांनी ते खोडायला लावलं. "त्याचं पोट हाय त्याच्यावर. काम माझ्या दारात झालं, मी बघायला पाहिजे व्हतं."

"आन् तुमच्यावर आलं तर?"

"येऊ दे."

मी रागारागात सगळा अर्ज पुन्हा लिहिला.

सकाळी लाइटच्या ऑफिसात गेलो. माझ्याच वयाचे एक साहेब होते. त्यांनी ती गोळी टेबलावर उलटीपालटी करून पाहिली.

"काम कुणी केलं?"

दादांनी अर्ज पुढं सरकवला. साहेबांनी पुन्हा विचारलं. दादा म्हणाले, "घर माझं हाय, साहेब."

"सील तुटलं म्हणजे आम्हाला मीटर तपासावाच लागतो, काका. काही निघालं तर प्रकरण वर जातं."

"तपासा. त्याच्यासाठीच आलो."

साहेबांनी अर्जाच्या प्रतीवर शिक्का मारून दिला. माणूस पाठवतो म्हणाले.

दोन दिवस कुणीच आलं नाही. दादांनी कूलर बंद करायला सांगितला. मग त्यांनाच वाटलं, युनिट एकदम कमी पडले तर उलटाच संशय यायचा. लावला. मग जास्त पडले तर? म्हणतील, आतापर्यंत चोरत होते. शेवटी ते कूलरसमोर बसायचे आणि त्या गार हवेतही त्यांना घाम यायचा. मी त्यांच्यावर चिडायचे आणि सारखी दाराकडे बघायचे.

तिसऱ्या दिवशी दहाच्या सुमारास हेल्मेट घातलेली, खांद्याला पिशवी अडकवलेली एक तरुण मुलगी आली. तीच मीटर तपासणार होती. तिनं झाकण उघडलं, तेवढ्यात फाटकाशी मोटारसायकल थांबली. आमचा वायरमन. मला वाटलं, हा आता काहीतरी गडबड करणार. तो आत आला आणि थेट तिच्यासमोर उभा राहिला.

"मॅडम, सील मी तोडलं. वायर जळाली व्हती. काकाला काही माहीत नव्हतं."

"आधी अर्ज द्यायचा, मग झाकण काढायचं. माहीत हाय ना?"

"माहीत हाय."

"मग?"

"चुकलं." आणि दादांकडे वळून म्हणाला, "काका, ऑफिसातून कळलं, तुमी माझं नाव घेतलं न्हाई. दोन दिवस झाले, जेवण जाईना."

तिनं कूलर आणि इस्त्री चालू करायला सांगितली. वायरीला चिमट्यासारखं यंत्र लावलं आणि मोबाइलमधलं घड्याळ बघत मीटरचा लाल दिवा किती वेळा लुकलुकतो ते मोजू लागली. दादा भिंतीला हात टेकून उभे होते.

"मीटर एकदम बरोबर हाय, काका. काही छेडछाड न्हाई."

तिनं नवं सील लावलं. दादांनी चष्मा आणून त्याचा नंबर कागदावरच्या नंबराशी एकेक आकडा जुळवला आणि सही केली. साक्षीदार म्हणून वायरमननं सही केली.

"माझ्यावर आता काही राहिलं न्हाई ना?" दादांनी विचारलं.

"काही न्हाई."

थोड्या वेळानं त्यांनी पुन्हा तेच विचारलं. ती चिडली नाही. कागदावर तपासणीचा शेरा होताच. त्याखाली तिनं ठळक अक्षरात पुन्हा लिहिलं, 'मीटर योग्य आहे.'

मी चहाचं निमित्त करून आत गेले. आधण ठेवलं. बाहेरून दादांचा आवाज येत होता. ते वायरमनला चिवड्याची ताटली पुढं सरकवत होते, "घे, घे, लाजू नको."

सगळे गेल्यावर त्यांनी धुतलेला सदरा घातला आणि तीन दिवसांत पहिल्यांदाच चौकात गेले. तासाभरानं परतले ते काखेत भलंमोठं खरबूज घेऊन. कापलं, तर लय फिकं निघालं. आम्ही दोघांनी साखर घालून सगळं संपवलं.