आल्या वाटेनं

शालिकराम फौजेत टेहळणीच्या तुकडीत होता. शत्रूच्या मुलखात शिरायचं, तोफा कुठं लपवल्यात ते पाहायचं, पण गेल्या वाटेनं परतायचं नाही; तिथंच कोणीतरी दबा धरून बसलेलं असतं. एकाहत्तरची लढाई संपली, तो गांधीबागेत कापडाच्या दुकानात लागला, तरी खोड जाईना. नागपूरच्या गल्लीत कसला आलाय शत्रू! पण मिठाची पुडी आणायला गेला तरी गडी चार गल्ल्या पालथ्या घालून मागच्या दारानं घरात शिरायचा. जेवतानाही पाठ भिंतीला, नजर दाराला.

"लढाई कधीचीच सरली. आता कोन टपून राहिलं तुमच्यासाठी?" बायको प्रयागबाई करवादायची. "इकडं ताट थंडं होऊन राहिलं!"

त्या उन्हाळ्यात तिला ताप चढला, तो उतरेचना. भर दुपारी शालिकराम डॉक्टरांना आणायला धावला. प्रयागबाई खाटेवर सवयीनं मागच्या दाराकडे डोळे लावून पडली.

चपलांचा आवाज आला तो पुढच्या दाराकडून. ज्या गल्लीनं गेला, त्याच गल्लीनं तो डॉक्टरांना घेऊन पळत येत होता.

प्रयागबाईनं मान वळवून पाहिलं.

"अहो," ती म्हणाली, "एवढी बिमार आहो काय मी?"