शब्दाखाली शब्द

"झालं. आता दुखलं तरी चालंल."

इंजेक्शनची सुई बाहेर काढून, कापसाचा बोळा अंगठ्यानं दाबत सिस्टर हे म्हणायच्या. दुखणार नाही, मुंगी चावल्यासारखं होईल, असलं खोटं त्या लहान पोरांनाही सांगत नसत. पोरं बुचकळ्यात पडायची आणि रडायचं विसरायची. अशी एखादी बाई तुमच्याही पाहण्यात असेल. तिच्याकडे बघून आपण धीर धरतो, पण तिला तो कुठून मिळतो हे काही विचारत नाही.

लोहारा तालुक्यातल्या एका सरकारी दवाखान्यात त्या नर्स होत्या आणि मी औषधं देणारा. वयानं मी लहान, तरी त्या मला आप्पा म्हणायच्या. मी बाटली काढून दिली की त्या तिच्यावरचं लेबल वाचायच्या. औषध रोजचंच, फळीवरची जागाही रोजचीच, तरी वाचायच्या. एकदा मी म्हटलं, "सिस्टर, माझ्यावर भरवसा न्हाय का?"

"तुमच्यावर हाय. बाटलीवर न्हाय," त्या म्हणाल्या.

त्र्याण्णवचा भूकंप झाला तेव्हा त्या ड्यूटीवर होत्या. घर सास्तूरला, दगडी भिंतींचं, वर मातीचं माळवद. घरात नवरा आणि दोन मुली. तिघंही गेली. हे त्यांना उजाडल्यावर कळलं, तोवर ट्रॅक्टरमधून, बैलगाड्यांतून माणसं यायला लागली होती. दुपारी कुणीतरी त्यांना गावाकडं घेऊन गेलं. संध्याकाळी त्या कामावर आल्या आणि जखमा धुवायला बसल्या. मी त्यांना पेलाभर पाणी दिलं. ते त्यांनी पेशंटला पाजलं. त्या दिवसाचं मला यापेक्षा जास्त आठवत नाही. तेव्हा कुणालाच काही वाटत नव्हतं, एवढं मात्र आठवतं. वाटायची जागाच बधिर झाली होती.

मग पत्र्याच्या शेडमधले दिवस आले. लेकरं गेलेल्या बायका दवाखान्यात यायच्या. त्यातल्या बऱ्याच जणींची कुटुंबनियोजनाची ऑपरेशनं आधीच झालेली. ते पुन्हा उघडता येतं का, असं त्या खाली बघत विचारायच्या. शहरातून डॉक्टर आले, ऑपरेशनं झाली. सिस्टर त्या बायकांचा हात धरून टेबलापाशी उभ्या राहायच्या. पुढं एक दिवस त्या स्वतःच त्या टेबलावर झोपल्या. त्यांच्या चर्चच्या मंडळीतल्या वडीलधाऱ्यांनी त्यांचं दुसरं लग्न लावून दिलं होतं, भूकंपात बायको गेलेल्या एका शिक्षकाशी. माणूस चांगला होता. फार बोलायचा नाही.

त्यांना मुलगी झाली. सिस्टरची आई पाळण्यापाशी उभी राहून म्हणाली, "आपली सरोजच आली परत. सरोजच नाव ठिवा."

सरोज म्हणजे गेलेल्या दोघींतली थोरली. सगळ्यांना ते पटलं. मलाही पटलं. मी पेढा खाल्ला. सिस्टर काही बोलल्या नाहीत. बाप्तिस्म्याला तेच नाव दिलं, शाळेतही तेच लागलं. पण सिस्टरनी त्या नावानं मुलीला हाक मारलेली मी कधी ऐकली नाही. "ए बाय, जेवलीस का?" "बाय, केस बांध." एवढंच. आम्हाला वाटायचं, लाडानं म्हणतात.

वर्षं गेली. शिक्षक वारले. सिस्टर निवृत्त होऊन धाराशिवला राहायला आल्या. मी नोकरी सोडून त्याच गल्लीत औषधाचं दुकान टाकलं होतं. सरोज पुण्याला कंपनीत लागली, तिकडंच लग्न झालं. तिला दिवस गेले तेव्हा ती थोड्या मुक्कामाला आईकडं आली आणि सिस्टरनी घरी प्रार्थनासभा ठेवली. आम्ही लिंगायत, पण शेजार म्हणून बोलावलं की मी जायचो आणि मागं दाराजवळच्या खुर्चीवर बसायचो.

चर्चच्या पाळकांनी बायबलातली ईयोबाची गोष्ट सांगितली. देवाला धरून चालणारा, भरल्या घरचा माणूस. एका दिवसात त्याची गुरंढोरं गेली आणि वादळात घर कोसळून सगळी लेकरं गेली. त्यानं देवाला सोडलं नाही. शेवटी देवानं त्याला सगळं परत दिलं. गुरं परत दिली, लेकरं परत दिली. पाळक तरुण होते, मनानं मायाळू. त्यांनी सरोजकडं बघितलं आणि म्हणाले, "याची साक्ष आज आपल्यासमोरच बसली आहे."

लोकांनी माना डोलावल्या. सरोज उठून आत गेली.

चहा झाला, लोक पांगले. मी खुर्च्या उचलायला मागं थांबलो होतो. ती बाहेर आली आणि आईसमोर उभी राहिली.

"मम्मी, मी परत आलेली न्हाय. मी पहिल्यांदाच आले."

आवाज चढलेला नव्हता. सिस्टर कपबश्या गोळा करत होत्या, त्या करत राहिल्या. दुसऱ्या दिवशी सरोज पुण्याला गेली. आधी तिचे फोन कमी झाले, मग थांबले. खुशाली जावयाकडून कळायची.

काही दिवसांनी सिस्टर दुकानात आल्या. रक्तदाबाच्या गोळ्या घेतल्या, लेबल वाचलं आणि म्हणाल्या, "आप्पा, मूळ कुठं मिळतं?"

"कशाचं मूळ?"

"बायबलचं. जुना करार हिब्रूत हाय, नवा ग्रीकमधी. आपल्या हातात हाय ते भाषांतर. मी पाळकसाहेबांना विचारलं, लेकरं परत दिली असं मुळात हाय का. ते म्हणाले, मी तसंच ऐकत आलोय, पण मला हिब्रू येत न्हाय. खरं बोलले बिचारे. आता बघावंच लागंल."

"आणि मुळात तसंच असलं तर?"

सिस्टर गोळ्या पिशवीत टाकून गेल्या.

पाळकांनीच त्यांना धर्मशिक्षणाच्या कॉलेजातून निवृत्त झालेल्या एका सरांचा नंबर मिळवून दिला. सरांनी फोनवर समजावलं, की अशी पुस्तकं असतात. त्यांना इंटरलिनियर म्हणतात. वरच्या ओळीत मूळ शब्द आणि प्रत्येक शब्दाच्या बरोबर खाली त्याचा अर्थ. अर्थ बहुधा इंग्रजीत. दोन गोष्टी त्यांनी बजावल्या. आधी अक्षरं शिका, मग पुस्तक निवडा. आणि खाली छापलेला अर्थही कुणीतरी माणसानंच निवडलेला असतो, हे विसरू नका. एका शब्दाचे दोन अर्थ निघत असतील तर त्यानं एकच छापलेला असतो.

"म्हणजे लेबलावरचं पण तपासायचं," सिस्टर मला म्हणाल्या.

दुपारी गिऱ्हाईक नसतं. तेव्हा काउंटरवर माझा फोन ठेवून आम्ही नमुन्याची पानं बघायला लागलो. एक पुस्तक असं होतं, की हिब्रू, ग्रीक सगळं एकाच जाडजूड ठोकळ्यात. अक्षर खसखशीएवढं. सिस्टरनी चष्मा वर केला, खाली केला आणि ते बाजूला ठेवलं. फुकटचं ॲपही मी दाखवलं. त्यावर बोट ठेवलं की पान पळायचं. "शब्दावर बोट ठेवता आलं पाहिजे," त्या म्हणाल्या.

दुसरं एक मला फार आवडलं. त्यात खालचं इंग्रजी सरळ, वाचण्याजोगं होतं. त्यासाठी छापणाऱ्यांनी वरचे हिब्रू शब्द इंग्रजीच्या क्रमानं लावून घेतले होते.

"हे घ्या सिस्टर. वाक्य लगेच कळतंय."

त्यांनी बराच वेळ बघितलं. "कळतंय. पण ही ओळ त्यांची न्हाय. शब्द उचलून हलवलेत. ढिगाऱ्यातनं माणूस काढताना तो कुठं सापडला ते आधी बघायचं असतं, आप्पा. हलवल्यावर काय कळत न्हाय."

हे त्या औषधाची वेळ सांगावी तशा आवाजात बोलल्या. मी पुढचं पान सरकवलं.

शेवटी त्यांनी निवडलं ते पुस्तक फक्त हिब्रूचं होतं, वेगवेगळ्या खंडांत. शब्द मुळातल्या जागेवर, उजवीकडून डावीकडं. अक्षर मोठं. प्रत्येक शब्दावर एक आकडा, त्या आकड्यावरून शब्दकोशात त्या शब्दाचे सगळे अर्थ सापडायचे. इंग्रजी मात्र उलटं, तुटक, डोक्याला ताप देणारं. ईयोब ज्या खंडात होता तेवढाच आम्ही मागवला.

"ग्रीकचं?" मी विचारलं.

"ते नंतर. माझं काम हिब्रूत हाय."

पुस्तक येईपर्यंत त्या अक्षरं शिकल्या. औषधाच्या रिकाम्या खोक्यांच्या पाठीवर गिरवायच्या. त्यांचे वडील निजामाच्या काळातले, उर्दू वाचायचे. लहानपणी त्यांच्याशेजारी बसून बघितल्यामुळं उजवीकडून सुरुवात करायला त्यांना अडचण वाटली नाही. अक्षराखालचे ठिपके म्हणजे आपल्या काना-वेलांट्या, असं त्या मला शिकवायच्या. माझ्या लक्षात काही राहायचं नाही. त्यांच्या राहायचं.

पुस्तक आलं तेव्हा मला वाटलं, त्या थेट शेवट उघडतील. त्यांनी वादळात घर कोसळतं ते पान काढलं. दुकानाच्या ओट्यावर बसून एकेका शब्दाखाली बोट धरून वाचलं. मी खालचं इंग्रजी मराठीत सांगत होतो.

"आणि पडलं. पोरांवर. आणि मेली," त्या माझ्यामागं म्हणाल्या. "नीट लिहिलंय. कमी न्हाय, जास्त न्हाय." आणि पुस्तक मिटून घरी गेल्या.

शेवटचं पान त्यांनी पुढच्या आठवड्यात उघडलं.

"आणि झाले. त्याला. सात. मुलगे. आणि तीन. मुली."

त्यांनी ती ओळ पुन्हा वाचली. मग सगळे आकडे शब्दकोशात काढून बघितले. मी दोन गिऱ्हाइकं करून आलो तरी त्या तिथंच होत्या.

"'परत' न्हाय, आप्पा. 'दिले' पण न्हाय. 'झाले' एवढंच हाय."

"वर काहीतरी दुप्पट आहे ना?"

"हाय. जे होतं त्याच्या दुप्पट दिलं, असं वर हाय. मेंढरं, उंट, बैल दुप्पट मोजलेत. लेकरं तेवढीच." त्या थांबल्या. "आणि दुप्पट असती तरी पहिली आली नसती."

त्यांचं बोट आणखी खाली गेलं. नंतर झालेल्या तिन्ही मुलींची नावं तिथं लिहिलेली होती.

"पहिल्यांची नावं कुठंच न्हायत. मला वाटलं होतं, मुळात असतील. भाषांतरात गळाली असतील." मग चष्मा काढून म्हणाल्या, "मुळात पण न्हायत."

समोरच्या रस्त्यानं बेंबळीची गाडी गेली.

त्यांनी तिथूनच सरोजला फोन लावला. पुस्तक दोन्ही हातांत धरायचं म्हणून फोन स्पीकरवर ठेवून ओट्यावर टेकवला. मी उठायला लागलो तर हातानंच बस म्हणाल्या. बऱ्याच वेळानं तिनं फोन उचलला.

"बाय, म्या मूळ बघितलं. परत आली असं त्यात न्हाय. झाली, एवढंच हाय. तुझं बरोबर हाय."

सिस्टरनी बोट त्या ओळीवरच ठेवलं होतं.

"तुझ्या आजीनं नाव ठिवलं तवा मी गप बसले. मला तवा काय कळतच न्हवतं. त्या नावानं हाक मारायला गेले की तोंडातनं निघायची न्हाय. ते तिचं होतं. तुला वाटलं असंल, मम्मीला मी नको होते."

"वाटायचं," सरोज म्हणाली.

"तसं न्हवतं. आता तू तुझं नाव सांग. कोणतं बी सांग. त्या नावानं हाक मारीन."

फोन कटला का म्हणून मी वाकून बघितलं. मग सरोजचा आवाज आला.

"बायच म्हण. तेवढंच माझं एकटीचं हाय."

सिस्टर रडल्या नाहीत. त्यांनी "बरं" म्हटलं. "लोहाच्या गोळ्या घेतेस का?" असं विचारलं. घेते म्हणाली. मग फोन ठेवला.

बाळंतपणाला त्या पुण्याला गेल्या. नात झाली. त्या तिकडंच राहिल्या. मधूनमधून फोन यायचा, ग्रीकचं कोणतं घ्यावं म्हणून विचारायच्या, पण ते घ्यायचं राहिलं. हृदयाचा त्रास निघाला आणि थंडीत एका सकाळी त्या गेल्या. मला कळलं तेव्हा मी एकाला खोकल्याचं औषध देत होतो. ते दिलं, दिवसातून तीनदा घ्या म्हणून सांगितलं. त्यांना तिकडंच पुरलं. माझं जाणं झालं नाही.

उन्हाळ्यात सरोज घर आवरायला आली. नात कडेवर होती. मी कुलूप उघडून दिलं. भांडी, गाद्या मंडळीतल्या लोकांना दिल्या. पुस्तक तिनं स्वतःच्या पिशवीत ठेवलं.

"काका, मम्मी हिला मांडीवर घेऊन रोज बोलायची," ती म्हणाली. "तुला दोन मावश्या होत्या म्हणायची. थोरली सरोज, धाकटी शीला. सरोज जिना चढताना पायऱ्या मोजायची. शीला झोपेत हसायची. असं काय काय. मला धाकटीचं नावच माहीत नव्हतं. आमच्या घरात कुणी कधी घेतलंच न्हाय."

मलाही ते आठवत नव्हतं. दवाखान्यात एक पोर सिस्टरच्या पदराआड लपून माझ्याकडं बघायची, तेवढं आठवत होतं.

"हिचं नाव काय ठेवलं?"

तिनं सांगितलं. त्या घरात पूर्वी कुणाचंच नसलेलं नाव होतं.

ऊन चढायच्या आत त्यांची गाडी बार्शी रस्त्याला लागली. मी दुकानात येऊन बसलो. गिऱ्हाईक नव्हतं. थोड्या वेळानं मी एकदा मोठ्यानं म्हणून बघितलं. शीला.