स्टेशन पाच मिनिटांवर

सोमवारी सकाळी अकरा वाजता बदलापुरात विकास शुल्काच्या खिडकीवर उल्हासनगरच्या एका बिल्डरने सूट मागितली. मी रांगेत त्याच्या मागे होतो. नव्या इमारतींकडून घेतलेल्या या शुल्कातून परिसरातले रस्ते आणि पूल होतात; बेलवलीहून स्टेशनकडे जाणारा नवा पूलही त्यातूनच व्हायचा होता. शुल्क भरल्याशिवाय परवानगी मिळणार नव्हती आणि त्याच्या बेलवलीतल्या इमारतीचं भूमिपूजन दुसऱ्याच दिवशी होतं.

"साहेब, थोडं ॲडजस्ट करा ना. पुलाशी माझा काय संबंध?"

खिडकीतल्या कारकुनाने चष्मा कपाळावर चढवला आणि ड्रॉवरमधून त्याच बिल्डरचं माहितीपत्रक काढलं. प्रत्येक प्रकल्पाचं माहितीपत्रक तो जपून ठेवायचा आणि रविवारी तिथून स्टेशनपर्यंत स्वतः चालून बघायचा, हे रांगेत सगळ्यांना ठाऊक होतं.

"शेठ, तुम्ही छापलंय, बेलवलीहून स्टेशन पाच मिनिटांवर. काल मला सव्वीस लागली, तीही नवे बूट घालून. तुमची पाच मिनिटं पुलावरून आहेत. पूल नको असेल तर सव्वीस छापा."

रांग हसली. बिल्डरही हसला.

"बडे खडूस हो, साहेब," म्हणत त्याने चेकबुक काढलं.

पावती पावणेबाराला निघाली. पुढच्या आठवड्यात त्याच्या होर्डिंगवर 'स्टेशन पाच मिनिटांवर' याच्या खाली बारीक अक्षरांत 'पूल झाल्यावर' असं लिहिलेलं होतं.