मायेनं चुकवलेली गाडी

घरातलं माणूस अत्यवस्थ असल्याचा निरोप आला, तर तुम्हाला तो जेवणाआधी कळावा की जेवण झाल्यावर? खरं उत्तर द्या. आणि मग आठवा, दुसऱ्याला सांगायची वेळ आली तेव्हा तुम्ही काय केलंत.

मोहितेकाका नमस्काराच्या आधी बातमी सांगत. "वहिनी, गॅस उद्याही येणार नाही. नमस्कार." माझ्या भावाचा निकालही त्यांनी दारातूनच सांगितला होता. "पोरगा गणितात गचकलाय. बघून आलो. आता चहा टाका." लखनौच्या मानक नगरात आमच्या रेल्वे कॉलनीची सुरक्षा त्यांच्याकडे होती. साताऱ्याकडचे, एकाहत्तरच्या लढाईत लढलेले, सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. कॉलनीतल्या बायका त्यांना फटकळ म्हणत. "वाईट बातमी शिळी करू नये," एवढंच त्यांचं उत्तर असे.

हे त्यांना फौजेनं नव्हे, बोर्डिंगनं शिकवलं होतं. वार्षिक परीक्षेचा पेपर लिहिताना त्यांना खिडकीतून मामा दिसला. "मला वाटलं, आईनं लाडू धाडले. मी आणखी झोकात लिहायला लागलो." सुपरिंटेंडेंटांनी मामाला ऑफिसात बसवून ठेवलं, कारण पोराचं वर्ष वाया जायला नको. पेपर संपल्यावर दोघांना पंगतीत बसवून शिरा वाढला. काकांनी पुन्हा मागून घेतला. हात धुताना मामा म्हणाला, "आई लई आजारी हाय." तोवर गावची एकुलती एक एस.टी. निघून गेली होती. आई त्याच संध्याकाळी गेली. मुलगा पोचला तो दुसऱ्या दिवशी.

"सर वाईट नव्हते गं," काका मला सांगत. "मायाळूच होते. मायेनंच माझी गाडी चुकवली."

लढाईत त्यांच्या तुकडीतल्या एका जखमी जवानानं विचारलं, "पाय आहे ना?" काका म्हणाले, "गुडघ्याखाली नाही." त्यानं काकांना आईवरून शिव्या दिल्या आणि मग त्यांचा हात घट्ट धरून ठेवला. तो जगला. दर दिवाळीला तो फोन करी, आणि काका रिसीव्हर कानापासून लांब धरून हसत. "शिव्या अजून ताज्या आहेत."

मी तेव्हा युद्धाविरुद्ध पत्रकं लिहून आलमबागच्या बसस्टँडवर वाटत असे. काकांनी एक पत्रक नीट वाचलं. "सत्ता लढाईतल्या बातम्या दाबते, असं लिहिलंयस. बरोबर आहे. पण घराघरांत कोण दाबतं, तेही लिही की."

नव्व्याण्णवच्या उन्हाळ्यात सीमेवर लढाई पेटली आणि ते उत्तर आमच्याच स्वयंपाकघरात सापडलं. वरच्या मजल्यावर वैशाली भावाकडे राहायला आली होती. तिचा नवरा, विश्वास, आघाडीवर होता. इमारतीत फोन फक्त आमच्याकडे. सकाळी फोन आला : विश्वासच्या पोटात गोळी लागलीय, प्रकृती गंभीर आहे, त्याला दिल्लीच्या लष्करी रुग्णालयात आणलंय. वैशालीचा भाऊ कामासाठी कानपूरला गेलेला.

आईनं डोळे पुसले आणि आमरस काढायला घेतला. "आधी पोरीच्या पोटात दोन घास जाऊ देत. भाऊ आला की तो सांगेल."

"आई, दुपारची गाडी आहे!"

"तू गप्प बस. तुझी पत्रकबाजी घरात नको."

वैशाली हसतच खाली आली. "काकू, आज क्या बात है? आमरस?" मी चप्पल न घालता समोर काकांच्या घराकडे धावले.

काका आले आणि तिच्या पानासमोर उभे राहिले. "वैशाली, हात धू. विश्वासला गोळी लागलीय. जिवंत आहे, पण अवस्था वाईट आहे. दिल्लीत आणलंय. आपण दुपारच्या गाडीनं निघतोय."

"अहो भाऊजी, घास तरी..." आई कळवळली.

"घास गाडीत खाईल, वहिनी."

वैशाली त्यांच्या अंगावर ओरडली, "शर्म नहीं आती आपको?" काका जागचे हलले नाहीत. तिचा आवाज बसेपर्यंत उभे राहिले, मग जमिनीवर तिच्याशेजारी बसले. माझ्या आईनंच शेवटी तिची पिशवी भरली.

विश्वास वाचला नाही. पण ती पोचली तेव्हा तो शुद्धीवर होता, तिच्याशी बोलला. काय बोलला, हे तिनं कुणाला सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. लखनौ कायमचं सोडून निघताना ती काकांच्या पाया पडली. "काका, मी पोचले," एवढंच म्हणाली.

त्याच वर्षी थंडीत काकांच्या फुफ्फुसात गाठ निघाली. त्यांच्या मुलानं मला जिन्यात गाठलं. "दीदी, पापा को मत बताना. टूट जाएँगे." चांगला मुलगा. डोळे सुजलेले. मी त्याला म्हटलं, तू सांग, नाहीतर मी सांगते. तो नकाराची मान हलवत राहिला, आणि मी आत गेले.

"काका, गाठ साधी नाही. कॅन्सर आहे. डॉक्टर म्हणतात, फार दिवस नाहीत."

काका म्हणाले, "गावी जायचंय. पोराला तिकिटं काढायला सांग." मी उठले, तसे म्हणाले, "थांब. इतक्यात जाऊ नकोस."

मी संध्याकाळपर्यंत तिथेच होते. काका गावी पोचले आणि आईला जिथे अग्नी दिला होता, त्या नदीकाठच्या गावातच त्यांनी शेवटचा श्वास घेतला.

तुमच्याकडे कुणाचा निरोप मायेपोटी अडकून पडला असेल, तर आजच जा. तो सांगा. आणि सांगून झाल्यावर त्या माणसाजवळ बसून राहा.