हरलेल्या पैशांचा रकाना

माझा नवरा मोबाइलवर पैसे लावून रमी खेळायचा. हे मला माहीत होतं. जिंकला की जेवताना सांगायचा. हरल्याचं सांगत नसे आणि मी विचारत नसे. वृत्तपत्रात उपसंपादक असताना एकाच बाजूची बातमी मी परत पाठवत असे. घरात ती चालवून घेतली.

पुण्याहून म्हैसूरला येऊन आम्हाला बरीच वर्षं झाली होती. जयलक्ष्मीपुरममध्ये वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होतो. येलवालला एक साइट घ्यायचं ठरलं होतं. घर बांधायच्या रिकाम्या प्लॉटला इथे साइट म्हणतात. विसार देऊन झाला होता. उरलेली रक्कम दसऱ्याच्या आत द्यायची होती आणि त्यात थोडे पैसे कमी पडत होते. नवरा म्हणाला, "टॅक्सचा रिफंड येईल, त्यात भागेल." त्या भरवशावर त्याने साइटच्या कोपऱ्यात माडाची दोन रोपंही लावली.

त्याचा तर्क असा होता. एका अ‍ॅपवर तो जिंकला होता आणि त्या अ‍ॅपने जिंकलेल्या रकमेवर तीस टक्के टीडीएस कापला होता. दुसऱ्या दोन अ‍ॅपवर तो त्याहून जास्त हरला होता. म्हणजे एकूण कमाई काहीच नाही, तेव्हा कापलेला कर परत मिळायला हवा. रिटर्न भरायची वेळ आली तेव्हा त्याने तिन्ही अ‍ॅपचे वर्षभराचे व्यवहार छापून आणले आणि फायलीत क्रमाने लावले.

आमचे कर सल्लागार म्हैसूरच्या जुन्या मराठी कुटुंबातले. त्यांचे पूर्वज इथल्या महाराजांच्या घोडदळात होते. घरात मराठी, पण मधेमधे कन्नड येतंच. त्यांनी फाइल चाळली.

"सार, हे बाकीचे दोन कशाला आणलं?"

"तो लॉस आहे. विनिंगमधून वजा करायचा."

"आगल्ल सार, होत नाही. जिंकलेलं तेवढं लिवायचं. गेलेलं लिवायला रकानाच नाही."

"मग टीडीएस?"

"तो गेला. वर थोडा सेस भरायचा आहे."

"पण मी एकूण हरलोय."

"हौदु सार, खरं आहे. सरकार जिंकताना वाटेकरी, हरताना शेजारी." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "अक्का, कॉफी सांगू?"

मी नको म्हटलं. त्यांनी एका अ‍ॅपचे कागद ठेवून घेतले आणि बाकीचे माझ्या हातात दिले. नवरा फोनवर आलेला ओटीपी त्यांना वाचून दाखवत होता. तेवढ्या वेळात मी कागद वाचले. साइटसाठी जेवढे पैसे कमी पडत होते, त्याच्या दुपटीहून जास्त रक्कम त्या दोन अ‍ॅपमध्ये गेली होती. त्याने यातलं काही लपवलं नव्हतं. या आकड्यांवर पैसे परत मिळतील असं वाटलं म्हणून त्यानेच ते छापून आणले होते. सरकारला त्यांची गरज नव्हती. ते वाचणारी मी एकटीच.

खाली आल्यावर तो स्कूटरशी थांबला.

"वाचलंस?"

"वाचलं."

"सगळं?"

"हो."

त्याने हेल्मेट घातलं.

साइटचा मालक पिरियापट्टणचा, तंबाखू पिकवणारा. नवऱ्याने त्याला फोन केला. इतक्या वर्षांत तो कन्नड शिकला होता, आणि साइट बघायला लागल्यापासून ते बरंच सुधारलं होतं. पैसे जमत नाहीत, हे त्याने न अडखळता सांगितलं. पलीकडचा माणूस चिडला नाही. अर्धा विसार परत देतो म्हणाला. करारात तेवढंही नव्हतं. फोन ठेवण्याआधी त्याने आठवण करून दिली, दुसरं गिऱ्हाईक यायच्या आत तुमची रोपं काढून न्या.

रविवारी आम्ही येलवालला गेलो. एक रोप सहज निघालं. दुसऱ्याची मुळं खोल गेली होती. ती काढताना काही तुटली. त्याने दोन्ही रोपं मातीसकट गोणपाटात गुंडाळली.

"कुठे ठेवायची?" त्याने विचारलं.

"घरमालकांना विचारावं लागेल."

"तू विचारशील?"

मी हो म्हटलं. हुणसूर रस्त्याने परत येताना गोणपाट आमच्या दोघांच्या मध्ये होतं. मी ते दोन्ही हातांनी धरून बसले होते.