आईच्या नावाचं पान

अल्लीपूरचे बंडूजी भाजी पिकवतात, पण त्यांचा जीव कबड्डीत. उन्हाळ्यात शाळा बंद झाल्या, शेतं रिकामी झाली की आमच्या भागात पोरापोरींचे सामने सुरू होतात, आणि बंडूजी वांग्या-टमाटराचं ओलीत बायकोच्या, गोपिकावहिनींच्या भरवशावर टाकून निघतात. स्वतः आयुष्यात कधी खेळले नाहीत. तरी कोणतं पोर पुढे जाणार हे पहिल्याच चढाईत सांगून टाकायचे, आणि ते पोर दुसऱ्या चढाईत बाद व्हायचं. माझं गावात किराण्याचं दुकान आहे; माझ्याच माल आणायच्या गाडीत बसून ते गावोगाव सामने बघायला यायचे, म्हणून ही थट्टा करायचा हक्क मला आहे. माणूस भला, पण एकदा डोक्यात काही बसलं की कोणाचं ऐकणार नाही. मला त्याचा राग यायचा. अजून येतो.

आचल ही त्यांची नात. तिच्याबद्दल मात्र त्यांनी कधी भाकीत केलं नाही. पोरगी चढाईला गेली की ते पंचाकडे बघत, झाडाकडे बघत, तिच्याकडे नाही. लोक ओरडले की मला हळूच विचारत, "आली का वापस?" तिची आई अंकिता चार वर्षांपूर्वी काविळीने गेली. बाप योगेंद्र पुण्याला कंपनीत, आला तर आला. आचलला पहिल्यांदा मैदानावर नेलं ते अंकितानेच. सासऱ्याचं वेड सुनेला लागलं होतं.

मागच्या उन्हाळ्यात केळझरला सामने ठरले. या वेळी बाहेरच्या एका मोठ्या क्रीडाकेंद्राचे लोक पोरी निवडायला येणार होते. सोळाच्या आतल्या दोघी-तिघींना ते घेऊन जाणार, राहणं, शिकणं, खेळणं सगळं त्यांच्याकडे. आचलला पावसाळ्यात सोळा पूर्ण होत होती, म्हणजे तिच्यासाठी हीच संधी, आणि शेवटची. त्या गटाला वजनाची अट असते, पंचावन्न किलो. आचल उंच, हाडापेराने दणकट, कायम त्या रेषेच्या आसपास. तिला शिकवणाऱ्या हर्षा मॅडमनी पंधरवडाभर तिला अर्ध्या भाकरीवर ठेवलं. भर उन्हाळ्यात पोरगी स्वेटर घालून शेताकडच्या पांदणीने पळायची. बंडूजींना ते बघवत नव्हतं.

सामन्याचा दिवस नेमका अक्षय तृतीयेला आला. त्या दिवशी आमच्याकडे घरच्या गेलेल्या माणसांच्या नावाने कोणाला तरी पानावर बसवतात. जो बसतो तो त्या दिवसापुरता तेच माणूस. त्याने 'पुरे' म्हणायचं नाही, पानात काही टाकायचं नाही, आणि तो अर्धपोटी उठला तर गेलेला जीव वर्षभर उपाशी राहतो असं मानतात. अंकिताच्या पानावर शेजारच्या सुमित्राबाई बसायच्या. त्या सकाळीच लेकीच्या घरी गेल्या, तिथून मयतीचा निरोप आला होता. मी गाडी घेऊन दारात पोचलो तेव्हा बंडूजी आचलला पाटावर बसवत होते.

"आबा, दुपारून काटा आहे," आचल म्हणाली. "मॅडमनं काही खाऊ नको म्हटलं."

"काट्याले कोण विचारते आपल्या इकडे? इतके वर्ष सामने पाहून राह्यलो, मले नाई दिसला कधी काटा." हे खरंच होतं. गावच्या सामन्यांत पोरगी नजरेने बघतात आणि खेळू देतात. "तुयी माय उपाशी जाईन का दारातून? उपाशी पोटी का चढाई होते?"

मी म्हटलं, "बंडूजी, आज बाहेरचे लोक येऊन राह्यले. दुसरं कोणी बसवा."

"तुम्ही गाडी वळवून ठेवा, प्रभाकरराव."

मी गाडी वळवायला गेलो. परत येऊन बघितलं तर आचल जेवत होती. पुरणाची पोळी, वडे, कढी, वाटी भरभरून आमरस. गोपिकावहिनी वाढत होत्या आणि पोरगी खाली मान घालून सगळं संपवत होती. एकदाही तिने हात आडवा केला नाही. शेवटी तर तिने स्वतः आणखी एक पोळी मागितली. अंकिताला पुरण फार आवडायचं.

केळझरला मैदानाच्या दारातच टेबलावर काटा ठेवलेला होता, आकडे दिसणारा. आचल त्यावर उभी राहिली. अर्धा किलो जास्त. हर्षा मॅडमनी तिचे बूट काढायला लावले, वेणीतल्या पिना काढायला लावल्या. तरी जास्तच. नोंद बंद व्हायला तासभर होता.

पोरगी अंगावर दोन जॅकेट घालून त्या उन्हात मैदानाभोवती पळायला लागली. बंडूजी सावलीत बसायला तयार होईनात. टोपी हातात घेऊन कडेला उभे होते, आणि पहिल्यांदा मी त्यांना तिच्याकडे बघताना पाहिलं. पुन्हा काटा झाला. थोडंसंच राहिलं होतं.

हर्षा मॅडमनी तिला बाजूला घेतलं. "आचल, मांडवामागे जा. घशात बोट घाल. दोन मिनिटांचं काम आहे, सगळ्या पोरी करतात."

आचलने मान हलवली. "नाई मॅडम."

"अगं, शेवटची संधी जाईल."

"ते आईचं जेवण होय. मी नाई टाकत."

मॅडमनी बंडूजींकडे बघितलं. बंडूजी पुढे झाले. त्यांचा आवाज मला ओळखू आला नाही. "आचल, काढ वं माय. चुकी मायी आहे. मी म्हणून राह्यलो न, काढून टाक. देव मले पाप लावन, तुले नाई."

"आबा, तुमीच तं म्हटलं, ती उपाशी जाईन म्हणून."

मला त्या वेळी इतका राग आला होता की मी लिंबाखाली जाऊन उभा राहिलो, आणि तो राग नेमका कोणावर होता हे मला आजही सांगता येणार नाही.

तासाच्या शेवटी तिने आणखी एक फेरी मारली, पण आकडा हलला नाही. टेबलावरच्या माणसाने यादीतून तिचं नाव खोडलं. वाईट वाटलं असावं त्यालाही. बस बेटा, पाणी पी, असं म्हणाला.

सामना तिने रेषेबाहेर राखीव पोरींच्या मागे बसून बघितला. तिच्या जागी पौर्णिमा नावाची पोरगी चढाईला गेली, बरी खेळली, आणि निवडणाऱ्यांनी शेवटी तिलाच बोलावून उंची विचारली. आचलने टाळ्या वाजवल्या. बंडूजी पूर्ण सामना मांडवाच्या खांबाला धरून उभे होते. चढाई कोणाची, पकड कोणाची, त्यांना काहीच दिसत नसावं.

परतताना ती आमच्या दोघांच्या मधे बसली होती. वाटेतल्या सिंदी मेघेचे दिवे मागे पडले. मग तिने विचारलं, "आबा, आई जेवली असन न?"

बंडूजींनी तोंड खिडकीकडे फिरवलं. "जेवली माय. पोटभर जेवली."

"मंग झालं," आचल म्हणाली, आणि घर येईपर्यंत त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडत राहिली.